खापराचा तुकडा आणि चौथीचा वर्ग

माठाच्या काठाचा फुटका तुकडा चौथीतल्या मुलीच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, हा माठ केवढा होता? आधी ती गप्पच बसते. मग तिच्यासमोर एक कागद ठेवायचा. त्यावर एकाच मध्यबिंदूभोवती कंपासने काढलेली वर्तुळं असतात: पाच सेंटिमीटर त्रिज्येचं, सहाचं, सातचं, असं करत वीसपर्यंत. अख्खा माठ कागदावर पालथा घातला असता तर त्याचा काठ जसा टेकला असता, तसा तो तुकडा टेकवायचा आणि त्याचा बाक कोणत्या वर्तुळावर बरोबर बसतो ते सरकवत सरकवत शोधायचं. बसला, की माठाच्या तोंडाची त्रिज्या हाती आली. तुकड्याने वर्तुळाचा आठवा हिस्सा व्यापला असेल, तर काठाचे तेवढेच आणखी सात हिस्से कुठेतरी पडलेले असणार, हेही कळलं.

उत्खननातून पाट्याच्या पाट्या भरून निघणाऱ्या खापरांवर पुरातत्त्वज्ञ नेमकं हेच करतात. मुलांसाठी म्हणून यात काही पातळ केलेलं नाही. पुढचे प्रश्नही त्यांचेच. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर बारीक आडव्या रेषा लागतात का? लागत असतील तर भांडं चाकावर घडलं असावं. बाहेरून काजळी आहे आणि आतून नाही, म्हणजे ते चुलीवर चढत असणार. तुटलेल्या कडेत मधोमध काळसर पट्टा दिसतो, तर भट्टीत आच आणि हवा तिथवर पुरती पोचली नव्हती. नऊ वर्षांच्या मुलांना हे सगळं दिसतं. फक्त तुकडा हातात हवा आणि शेजारी उत्तर सांगण्याची घाई नसलेला एक मोठा माणूस हवा.

प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी संग्रहालयं हल्ली 'हात लावून शिका' या धर्तीचे कार्यक्रम आखतात, त्यांचा कस माझ्या मते इथे लागतो. हात लावायला मिळणं ही अर्धीच गोष्ट झाली. त्या हाताने काहीतरी ठरवता आलं पाहिजे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १६ डिसेंबर १८९९ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात, एका बागेतल्या जुन्या हवेलीत, खास मुलांसाठी असं जगातलं पहिलं संग्रहालय उघडलं. १९०२ साली तिथे रुजू झालेल्या ॲना बिलिंग्ज गॅलप यांनी पुढे १९३७ पर्यंत त्याची धुरा वाहिली. ही जागा आपली आहे असं मुलांना वाटलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. योगायोग असा की त्याच १८९९ मध्ये शिकागोत जॉन ड्यूई 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात आदर्श शाळेचा आराखडा मांडत होते. त्यातल्या एका मजल्याच्या मधोमध चक्क संग्रहालय आहे, आणि भोवती प्रयोगशाळा, चित्रकला, संगीत. हे ड्यूई म्हणजे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे ड्यूई. शाळा आणि संग्रहालय या दोन वेगळ्या इमारती आहेत, आणि एकीतून दुसरीत वर्षातून एकदा बसने जायचं असतं, हे त्यांच्या आराखड्यात बसणारं नव्हतं.

तरी पुढची पन्नास-साठ वर्षं मुलांच्या संग्रहालयांतही काचेच्या कपाटांचंच राज्य टिकलं. ते मोडायला १९६२ मध्ये बॉस्टनच्या बाल संग्रहालयात मायकेल स्पॉक यावे लागले. हे डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे चिरंजीव. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेल्या डॉक्टरांचे. मायकेलना डिस्लेक्सिया होता. वाचून शिकणं ज्याला लहानपणी जड गेलं, त्याला वस्तूखालची चिठ्ठी पुरेशी वाटली नाही यात नवल ते काय! १९६० च्या दशकात त्यांनी 'आत काय आहे?' अशा अर्थाचं एक प्रदर्शन मांडलं. रोजच्या वस्तू उभ्या चिरून त्यांची पोटं उघडी केलेली, आणि शहरातल्या रस्त्याखालचा भागही मुलांना आत शिरून पाहता येईल असा. मूल रोज ज्या झाकणावरून उडी मारून शाळेत जातं, त्याखाली काय आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं.

पण मला त्या प्रदर्शनापेक्षा स्पॉक यांच्या काळातल्या पेट्या जास्त मोलाच्या वाटतात. संग्रहालयाने विषयवार पेट्या तयार केल्या आणि त्या शाळांना वापरायला दिल्या. पेटीत वस्तू, चित्रं, ध्वनिफिती आणि शिक्षकासाठी मार्गदर्शिका. एक पेटी पक्ष्यांचे गट कसे पाडावेत याची, एक प्राचीन ग्रीसमधल्या घराची. ग्रीक घराच्या पेटीत घर कसं होतं ते सांगितलेलं नव्हतं. वस्तू होत्या आणि त्यांवरून इथे कोण राहत असेल, काय करत असेल हे मुलांनी जुळवायचं होतं. पेटी वर्गात काही दिवस मुक्कामाला असे, हे महत्त्वाचं. संग्रहालयातल्या फेरीत एका वस्तूच्या वाट्याला मिनिटभर आलं तरी पुष्कळ. पेटीतली वस्तू सोमवारी कळली नाही तर बुधवारी पुन्हा हातात घेता येते. पेटीतून ज्ञान गावोगाव पाठवण्याचा प्रकार आपल्याकडेही जुना आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या खेड्यांत जात होत्या. त्यांत पुस्तकं असत, इतकाच फरक.

आता बटणांबद्दल. विज्ञान केंद्रात मुलांचा घोळका शिरला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बटण दाबलं, दिवा लागला, चाक फिरलं, पुढचं बटण. दहा मिनिटांत दालन संपतं. मुलांचे हात सतत चालू असतात आणि तरी हाताने काही शोधलेलं नसतं, कारण बटण दाबल्यावर काय होणार हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. मुलाला निवड एकच: दाबायचं की नाही.

यावरचा उतारा फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या 'एक्स्प्लोरेटोरियम'मध्ये सापडतो. अणुबॉम्बच्या प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ जे. रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ, स्वतःही पदार्थवैज्ञानिक. कम्युनिस्ट संबंधांच्या चौकशीत विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. भंगारातले सुटे भाग घेऊन मुलांबरोबर केलेल्या प्रयोगांतूनच त्यांची संग्रहालयाची कल्पना तयार झाली. एक्स्प्लोरेटोरियममधल्या मांडणीत मुलाच्या हाती बदलता येण्याजोगं काहीतरी असावं लागे: अंतर, कोन, वेग, वजन. बदललं की परिणाम बदलतो, आणि मग 'अजून थोडं सरकवलं तर?' हा प्रश्न आपोआप येतो. समजावून सांगायला त्यांनी प्राध्यापक नेमले नाहीत, माध्यमिक शाळेतली मुलं पगारावर घेतली. ती सगळं जाणत नव्हती, म्हणून चारदा 'बघू या ना करून' म्हणत. शिवाय मांडण्या कशा बनवायच्या याची कृती त्यांनी पुस्तकरूपात खुली करून टाकली, पाककृती द्यावी तशी, आणि जगभरच्या केंद्रांनी ती वापरली.

आपल्याकडे वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुलांचं विज्ञान उद्यान १९७९ मध्ये उघड्या आवारात आलं. केंद्राची मुख्य इमारत १९८५ ची. मैदानात हुंदडताना तरफ आणि लंबक भेटावेत ही त्यामागची दृष्टी आजही ताजी वाटते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका आणखी एक पाऊल पुढे गेली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य': सप्तर्षींमधला तारा, आणि नावाच्या सुरुवातीला पु.ल. तिथे अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं मुलांना काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी बनवायला शिकवलं. व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे सांध्यासाठी घेऊन काड्यांचा चौकोन करा, तो लचकतो आणि तिरका होतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. पूल आणि छपरं त्रिकोणांवर का उभी असतात, हे त्यानंतर फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही. बनवलेली वस्तू मूल घरी नेतं, मोडतं आणि पुन्हा बनवतं, हे संग्रहालयातल्या सर्वात महागड्या यंत्रालाही जमत नाही.

हे सगळं छान, पण याने मुलं खरंच शिकतात का? याचं चांगलं उत्तर एका कलासंग्रहालयाकडून आलं, आणि मौज अशी की तिथे मुलांनी कशालाही हात लावलेला नव्हता.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल या छोट्या गावी २०११ मध्ये 'क्रिस्टल ब्रिजेस' हे मोठं कलासंग्रहालय उघडलं. आसपास तोवर असं काही नव्हतं. शाळांसाठी सहल पूर्ण मोफत ठेवली, बसचा आणि जेवणाचा खर्चही संग्रहालयाचा. त्यामुळे अर्जांची रीघ लागली आणि कोणाला आधी बोलवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं. संशोधकांना ही पर्वणीच होती, कारण चिठ्ठ्यांमुळे गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची रास्त तुलना करता येत होती. १२३ शाळांतल्या सुमारे ११ हजार मुलांची पाहणी झाली. फेरीत चित्रं मोजकीच, पण प्रत्येकापाशी थांबून गप्पा. गुलामगिरीच्या विरोधकांनी गुलामांच्या श्रमातून आलेल्या साखरेला पर्याय म्हणून मेपलच्या रसाची साखर धरली होती, या संदर्भातलं एक चित्र पाहिलेल्या मुलांपैकी ८८ टक्क्यांना तो संदर्भ काही आठवड्यांनंतरही सांगता आला. परीक्षा नव्हती, गृहपाठ नव्हता. त्याहून लक्षणीय म्हणजे, कधीही न पाहिलेलं नवं चित्र समोर ठेवल्यावर सहलीला गेलेली मुलं त्याबद्दल अधिक बारकाईने लिहू शकली. सरासरी फरक मोठा नव्हता. ग्रामीण आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांमध्ये मात्र तो कितीतरी ठळक होता. ज्या मुलांना घरचे संग्रहालयात नेण्याची शक्यता सर्वात कमी, त्यांना एका फेरीने सर्वात जास्त दिलं.

मग हाताचं काम काय? मला वाटतं, हात डोळ्यांना थांबवतो. मोठ्या माणसाला चित्रापुढे दहा मिनिटं उभं करायला बोलकी प्रश्नावली पुरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याच जागी धरून ठेवायला हातात काहीतरी असलेलं बरं. पण प्रश्न तेच राहतात. 'हे काय आहे?' असं विचारलं की हुशार मूल उत्तर देऊन मोकळं होतं आणि बाकीची गप्प बसतात. 'तुला काय दिसतंय?', त्यापाठोपाठ 'कशावरून?', आणि मग 'अजून काय?' असं विचारलं की मागच्या रांगेतला हातही वर येतो. कलाशिक्षणात अबिगेल हाउझेन आणि फिलिप येनावाइन यांनी बसवलेली पद्धत अशाच तीन प्रश्नांवर चालते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस सुरू केली, आणि २०१९ मध्ये आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. बसने शाळेच्या दारात जायचं ही कल्पना देशात त्याआधीची आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच फिरतं विज्ञान प्रदर्शन खेड्यांत नेलं होतं. मुंबईच्या बसने इतिहास आणि कलावस्तू नेल्या. हडप्पा संस्कृती हा तिचा एक विषय होता, आणि या वयाला याहून सोयीचा विषय शोधून सापडणार नाही.

हडप्पाची मुद्रा घ्या. मऊ दगडात कोरून भाजलेली, बहुतेक दोन-तीन सेंटिमीटरची चौकोनी. तिची प्रतिकृती ओल्या शाडूवर दाबली की चित्र उलटतं: मुद्रेवर उजवीकडे पाहणारा प्राणी ठशात डावीकडे पाहतो. म्हणजे कोरणाऱ्याला प्रत्येक चिन्ह उलटं कोरावं लागत होतं. मुलांना खोडरबरावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायला सांगा, म्हणजे त्याचं कसब कळेल. शिवाय हडप्पाच्या मुद्रांवरची लिपी अजून सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. वर्गातल्या बाईंना, बसमधल्या ताईंना आणि दिल्लीतल्या तज्ज्ञांनाही तिचं उत्तर ठाऊक नाही, ही बातमी मुलांना फार आवडते.

वजनं तर त्याहून सरस. चर्ट या कठीण दगडाचे गुळगुळीत घन, आणि लहान वजनांची चढण दुपटीची: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. त्यांतलं सोळाचं वजन साधारण १३.७ ग्रॅमचं. वर्गात एकाला १० ग्रॅम मानून वाळूच्या चार पुरचुंड्या करा: १०, २०, ४०, ८०. तागडीच्या एका पारड्यात वस्तू, दुसऱ्यात पुरचुंड्या. सातपट वजन कसं करणार? चार, दोन आणि एक. तेरापट? आठ, चार आणि एक. चार पुरचुंड्यांनी १ ते १५ पर्यंतची एकूण एक वजनं होतात, एकही सुटत नाही. सोळाला गाडी अडते, आणि पुढचं वजन सोळाचंच का हवं हे मूल स्वतः सांगतं. संगणक याच हिशेबावर चालतो हे त्याला नंतर कधीतरी कळेल, घाई नाही.

आपल्याकडच्या शाळेच्या सहलीची गोष्ट वेगळी. पहाटे निघायचं, एका दिवसात चार ठिकाणं उरकायची, संग्रहालयाच्या वाट्याला पाऊण तास. दोघांची रांग, वही-पेन, पाट्यांवरचा मजकूर उतरवून घेणं. वस्तूकडे पाठ करून पाटी लिहून घेणारी मुलं कुठल्याही दालनात दिसतात. त्यांचा दोष नाही. शाळेत गेल्यावर वही तपासली जाणार असते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणी उद्यानात १९८० च्या सुमारास जॉन बॅलिंग, जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी चौथीच्या मुलांवर केलेला अभ्यास अशा वेळी आठवतो. सहलीआधी काही मुलांना प्राण्यांची माहिती दिली, काहींना निरीक्षणाचा सराव दिला आणि काहींना फक्त एवढंच सांगितलं: कसं जायचं, काय काय दिसेल, डबा कुठे खायचा, दुकान कुठे आहे. सर्वात जास्त शिकला तो हा तिसरा गट. डबा कधी मिळणार ही काळजी मिटली, की मूल हत्तीकडे बघायला मोकळं होतं. पैसा न लागणारी ही सुधारणा कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते.

आणि वर्गात हाताळायच्या वस्तूंचं काय? काही मुख्याध्यापकांना उत्साहाच्या भरात गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून खापरं वेचून आणावीशी वाटतात. ते करू नये. अशा ठिकाणची खापरं जागची हलली की त्यांची साक्ष संपते, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावशेष कायद्याचं संरक्षण आहे. जोर्वे या प्राचीन संस्कृतीची लालसर खापरं पाहायची तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातली आहेत. हाताळायला कुंभारवाड्यातला तडकलेला माठ, एक कुंडी आणि एक पणती पुरते. फोडा, तुकडे मिसळा आणि मुलांना वेगवेगळे करायला द्या.

आणि हडप्पाच्या वजनांची प्रतिकृती मिळाली नाही तरी अडत नाही. खेड्यातल्या अनेक घरांत माळ्यावर अजून पायली, शेर, मापटं, चिपटं पडलेलं असतं. २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली: शेरापर्यंत चढण इथेही दुपटीचीच. चार घरांतून चार मापं शाळेत आणवावीत. खाली चादर अंथरावी, म्हणजे सांडलेली ज्वारी गोळा करता येते. मग चिपट्याने मापटं भरायचं, मापट्याने शेर. हिशेब पहिल्या खेपेला बहुधा जुळत नाही. एकाच्या घरचं चिपटं दुसऱ्याच्या घरच्यापेक्षा मोठं निघतं, कारण मापं गावोगाव वेगळी होती. शिवाय कुणी काठाशी हात फिरवून सपाट भरतं आणि कुणी शीग लावून, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून भांडतात. बाजारात हेच भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आजोबांना वर्गात बोलवायची हीच वेळ. देणाऱ्याचं माप कसं असायचं आणि घेणाऱ्याचं कसं, हे ते सांगतील.